मराठवाड्यात सिम कोणतं आणि त्याला फोन कोणता

दुकानात गेल्यावर गिऱ्हाईक आधी फोन पसंत करतं आणि घरात जे सिम असेल ते त्यात टाकतं. हा क्रम उलटा हवा. आपल्या गावात, शेतात आणि झोपायच्या खोलीत कोणत्या कंपनीची रेंज पोचते ते आधी बघा, मग त्या कंपनीचे बँड, म्हणजे सिग्नलच्या लहरींचे पट्टे, पकडणारा फोन घ्या. हवा तो बँड नसला तर पंचवीस हजारांचा फोन विहिरीपाशी गप्प बसतो, आणि बँड जुळला तर नऊ हजारांच्या फोनवर नीट बोलता येतं.

'अमुक कंपनीला रेंज चांगली' हे वाक्य आठ जिल्ह्यांना एकदम लागू होत नाही. संभाजीनगरच्या सिडकोत किंवा लातूरच्या गंजगोलाईत चारही कंपन्या चालतात, तिथे प्रश्न गर्दीचा असतो. बालाघाटाच्या रांगेत, म्हणजे पाटोदा, केज, भूम या पट्ट्यात, गाव टेकडीच्या कोणत्या अंगाला आहे त्यावर सगळं ठरतं. किनवट-माहूरचं जंगल, अजिंठ्याचा घाट आणि कन्नडचा डोंगर इथेही तेच. शेजारच्या वाडीत जोरात चालणारं सिम तुमच्या वाडीत मुकं असू शकतं, कारण मध्ये एक डोंगर आहे.

थोडं बँडांविषयी, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून आत शिरतात. १८०० आणि २१०० मधल्या. २३०० आणि ३५०० च्या लहरींत वेग भरपूर, पण त्या लवकर विरतात आणि घराबाहेरच अडतात. आपल्याकडे दोन गावांतलं अंतर जास्त, टॉवर विरळ, आणि घर माळवदाचं असेल तर पांढऱ्या मातीची दोन-दोन फूट जाडीची भिंत. तिथे २३०० चा सिग्नल अंगणात पूर्ण आणि माजघरात शून्य. पत्र्याचं घर याहून वाईट, कारण पत्रा लहरी परतवून लावतो. म्हणून ग्रामीण भागात कंपनीचा 'हजाराखालचा' बँड हाच खरा माल, वेगाचे आकडे नंतर.

जिओकडे ४जीसाठी ८५० (बँड ५), १८०० (बँड ३) आणि २३०० (बँड ४०) आहे. ५जीसाठी ३५०० सोबत ७०० चा पट्टाही आहे. २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झ फक्त जिओने घेतला. त्यामुळे जिओचं ५जी खेड्यातल्या घरातही दिसू शकतं, पण ७०० वरच्या ५जीचा वेग शहरातल्या ३५०० सारखा नसतो. फोनवर '५जी' उमटलं म्हणून फार अपेक्षा धरू नका. जिओची मोठी अडचण वेगळीच आहे: तिच्याकडे २जी नाहीच. प्रत्येक कॉल व्होल्टीईवर, म्हणजे ४जीच्याच जाळ्यावरून जातो. ४जी कमजोर पडलं की खाली उतरायला पायरी नाही, कॉल सरळ तुटतो. आजोबांच्या जुन्या बटणांच्या २जी फोनमध्ये जिओचं सिम चालत नाही, त्यासाठी ४जीचाच साधा फोन घ्यावा लागतो. जिओभारत हा फोन २०२३ मध्ये ९९९ रुपयांना आला, पण त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नाही.

एअरटेलचं ४जी १८००, २१००, २३०० आणि हजाराखालच्या पट्ट्यावर चालतं आणि २जी अजून जिवंत आहे. डेटा मेला तरी साधा कॉल आणि ओटीपीचा मेसेज २जीवर येतो. बँकेची आणि आधारची कामं मोबाइलवर करणाऱ्याला ही गोष्ट वेगापेक्षा मोलाची. ५जीत मात्र एक खाच आहे. जिओचं ५जी स्वतंत्र जाळ्यावर चालतं, त्याला 'एसए' म्हणतात. एअरटेलने मोबाइलसाठी ५जी मुख्यतः ४जीच्या आधाराने, म्हणजे 'एनएसए' पद्धतीने उभारलं. स्वस्तातल्या काही फोनांत एनएसए नाहीच. नोव्हेंबर २०२४ मध्ये ८,४९९ रुपयांपासून आलेला रेडमी ए४ ५जी हे ठळक उदाहरण. त्यातली स्नॅपड्रॅगन ४एस जेन २ चिप फक्त एसए पकडते. एअरटेलच्या गिऱ्हाइकाने तो ५जीसाठी घेतला तर त्याच्या हाती ४जीच येतं. दुकानदार हे सांगेलच असं नाही, खोक्यावर तर फक्त '५जी' एवढंच मोठ्या अक्षरात.

व्हीआय म्हणजे व्होडाफोन आणि आयडिया, २०१८ मध्ये एक झालेल्या. महाराष्ट्रात आयडियाचं जाळं जुनं, त्यामुळे ९०० मेगाहर्ट्झ त्यांच्याकडे चांगला आहे आणि काही तालुक्यांत घराच्या आतली रेंज त्यामुळेच टिकते. ५जीला मात्र त्यांनी उशीर केला, मुंबईत मार्च २०२५ मध्ये सुरुवात. खेड्यात दुसरं सिम म्हणून ठेवायला हरकत नाही. पहिलं सिम करायचं तर पुढे सांगितलेली तपासणी केल्याशिवाय नको.

बीएसएनएलबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात, 'आता ४जी सगळीकडे आलं' आणि 'तिकडे काहीच चालत नाही', आणि दोन्ही अर्धीच खरी आहेत. टीसीएस, तेजस नेटवर्क्स आणि सी-डॉट यांनी मिळून बनवलेलं स्वदेशी ४जी २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातल्या झारसुगुडा इथून देशभर सुरू झालं, सुमारे ९७,५०० टॉवरांसह. टॉवर उभा राहिला, बातमी आली, तरी पुष्कळांच्या फोनवर अजून ४जी दिसत नाही. त्याची तीन कारणं आहेत. एक, जुनं २जी-३जीच्या काळातलं सिम. ते बदलून ४जी सिम घ्यावं लागतं, नंबर तोच राहतो. दोन, बीएसएनएलचं खेड्यातलं ४जी बरंचसं ७०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे बँड २८ वर आहे. पाच-सहा वर्षांपूर्वीच्या ४जी फोनांत हा बँड अनेकदा नसतो, मग टॉवर समोर असून फोनला तो दिसतच नाही. तीन, सेटिंगमध्ये नेटवर्क प्रकार '३जी' वर अडकलेला. तिसरं एका मिनिटात सुटतं, दुसऱ्याला इलाज नाही. काही फोनांत बीएसएनएलचं व्होल्टीईही चालू होत नाही, कॉल लावला की फोन २जी-३जीवर उतरतो आणि तेवढा वेळ इंटरनेट थांबतं. रिचार्ज स्वस्त आहे, नंबर जिवंत ठेवायला उत्तम. फक्त ५जीसाठी तिकडे बघू नका.

आता तपासणी. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या आदेशानंतर कंपन्यांनी आपापल्या संकेतस्थळांवर कव्हरेजचे नकाशे टाकले आहेत. ते बघा, पण नकाशा उघड्यावरचा अंदाज देतो, माळवदाखालचा नाही. खरी चाचणी अशी करा: चार कंपन्यांचे सिम असलेली घरची-शेजारची माणसं गोळा करा आणि शक्यतो एकाच फोनमध्ये सिम बदलून बघा. पडद्यावरच्या दांड्या मोजू नका. दांडी किती सिग्नलला उमटायची हे प्रत्येक फोन कंपनी आपल्या मनाने ठरवते. आकडा बघा. सेटिंगमध्ये 'अबाउट फोन', तिथून 'सिम स्टेटस', त्यात 'सिग्नल स्ट्रेंग्थ'. काही फोनांत डायलरवर *#*#४६३६#*#* दाबलं की उघडतं, सॅमसंगमध्ये *#००११#. आकडा उणे असतो. उणे ८५ किंवा त्याहून शून्याकडे असेल तर झकास. उणे ९५ ते उणे १०५ वर काम भागतं. उणे ११० च्या पलीकडे व्हिडिओ अडखळतो आणि उणे ११५ ला कॉलमध्ये 'हॅलो, हॅलो' सुरू होतं. सिम बदलल्यावर विमान मोड चालू-बंद करून दोन मिनिटं थांबा, नाहीतर फोन जुन्याच टॉवरला धरून बसतो.

हा आकडा चार ठिकाणी घ्या: आतली खोली, अंगण, शेतातली विहीर किंवा बोअर, आणि रोजचा रस्ता. वेगाची चाचणी दुपारी करून उपयोग नाही, संध्याकाळी ७ ते १० मध्ये करा. लातूरच्या क्लासेसच्या भागात आणि होस्टेलांच्या गल्ल्यांत दुपारी पळणारं नेट रात्री जेवणानंतर रांगायला लागतं, कारण सगळी पोरं एकाच टॉवरवर. सिग्नलचा आकडा उत्तम आणि वेग शून्य असेल तर समजा टॉवरवर गर्दी आहे. तिथे नवा फोन घेऊन फरक पडणार नाही, कंपनीच बदलावी लागते. आणखी एक चाचणी लोक विसरतात. गावची लाइट जाऊन दोन-तीन तास झाले की कोणतं सिम टिकतं ते बघा. टॉवर बॅटरीवर चालतो, बॅटरी संपली आणि जनरेटर नसला किंवा त्यात डिझेल नसलं की तो बंद. वळवाच्या पावसात तारा तुटल्यावर हा फरक ठळक दिसतो. अनेकदा एकाच टॉवरवर दोन कंपन्यांची यंत्रं असतात, म्हणून दोन सिम घेताना दोन्ही एकाच टॉवरवरची नसतील एवढं पाहा.

सीमेवरच्या तालुक्यांचं वेगळं. देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवटला तेलंगणाचा आणि उमरगा, निलंगा, उदगीरला कर्नाटकचा टॉवर जवळ पडतो. फोन तिकडे उडी मारतो आणि वर 'आर' उमटतो. देशातल्या रोमिंगला आता बहुतेक पॅकमध्ये वेगळे पैसे लागत नाहीत, पण 'डेटा रोमिंग' बंद असेल तर इंटरनेट थांबतं आणि माणूस कंपनीला शिव्या देतो. ते बटण चालू ठेवा, एवढंच करायचं आहे. ऊसतोडीला कर्नाटकात किंवा कोल्हापूर-सांगलीकडे जाणाऱ्या कोयत्यांनाही हेच लागू. पाच-सहा महिने फडात, खोपीत लाइट नाही. तिथे ५जी फोनपेक्षा मोठी बॅटरी, एक पॉवर बँक आणि घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांकडे चालणारं तेच नेटवर्क, हा हिशेब जास्त उपयोगाचा.

फोन निवडताना आपल्याकडच्या उन्हाचा विचार सगळ्यात आधी. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो, आणि फोन कंपन्या वापरासाठी साधारण ३५ अंशांपर्यंतचीच हवा धरून चालतात. तापला की फोन आधी पडदा मंद करतो, मग चार्जिंग थांबवतो. तो बिघाड नाही, बॅटरी वाचवायची सोय आहे. मोटारसायकलच्या हँडलवर किंवा ट्रॅक्टरच्या बॉनेटवर फोन ठेवून चार्ज करणं मात्र बॅटरी फुगवायचा राजमार्ग. त्यात सिग्नल कमजोर असला की फोन टॉवरपर्यंत पोचायला जास्त ताकद लावतो, म्हणजे आणखी गरम आणि बॅटरी अर्ध्या दिवसात खलास. ५जी मिणमिणतं असेल तर फोन ५जी-४जी अशा सारख्या उड्या मारतो. अशा गावात 'प्रेफर्ड नेटवर्क' ४जीवर बांधून टाका, बॅटरी आणि कॉल दोन्ही सुधारतात.

पडदा उन्हात दिसला पाहिजे. ई-पीक पाहणी करताना शेतात उभं राहून फोटो काढायचा असतो, तिथे ६०० निट्सचा (निट्स म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) एलसीडी काळा आरसा होतो. खोक्यावरचा 'पीक ब्राइटनेस' हा पडद्याच्या छोट्या तुकड्यापुरता असतो, तुम्ही 'एचबीएम' म्हणजे उन्हातला पूर्ण पडद्याचा आकडा विचारा. १००० च्या आसपास असावा. पाहणीची माहिती शेतात भरून ठेवून रेंजमध्ये आल्यावर अपलोड करता येते, त्यामुळे शेतात नेट नसणं चालून जातं. पण जीपीएस आणि पडदा यांना पर्याय नाही. स्वस्त फोनांत कंपासचा सेन्सर नसतो कधीकधी, मग नकाशावरचा बाण भलतीकडे तोंड करतो.

काही फोन नावानिशी. वीवो टी३एक्स ५जी एप्रिल २०२४ मध्ये १३,४९९ पासून आला: ६००० एमएएच बॅटरी, ४४ वॉट चार्जर, स्नॅपड्रॅगन ६ जेन १ आणि धूळ-शिंतोड्यांसाठी आयपी६४. शेतीकामाला हा बांधा योग्य. एप्रिल २०२५ चा ओप्पो के१३ १७,९९९ पासून, ७००० एमएएच आणि अ‍ॅमोलेड पडदा. खोपीत राहणाऱ्याला किंवा दिवसभर गाडीवर फिरणाऱ्याला याहून सोयीचा आकडा या किमतीत कमी सापडतो. सॅमसंग गॅलेक्सी ए१६ ५जी यांच्यापेक्षा हळू आणि बॅटरीत ५००० वरच, शिवाय चार्जर खोक्यात नाही. पण त्याला ६ वर्षं अपडेट मिळतात, अ‍ॅमोलेड पडदा आहे. बँकेची अ‍ॅप जुन्या अँड्रॉइडवर एक दिवस चालेनाशी होतात, म्हणून फोन पाच वर्षं वापरणाऱ्याने हाच घ्यावा. रेडमी ए४ ५जी जिओवाल्यांसाठी ठीक, एअरटेलवाल्यांसाठी नाही, कारण वर आलंच. मॉडेलं सहा महिन्यांत बदलतात, तेव्हा नवं काही घेताना याच रकान्यांत तोलून बघा.

आणि काय बघू नये? पडद्याचा १२० हर्ट्झ वेग, 'एआय' आणि पाठीवरचे तीन-चार कॅमेरे. त्यातली २ मेगापिक्सेलची भिंगं शोभेची असतात. '८ + ८ जीबी रॅम' मधले दुसरे ८ म्हणजे साठवणुकीतून उसना घेतलेला तुकडा, खरी रॅम पहिली. ती ६ च्या खाली नको. साठवणूक ईएमएमसी या जुन्या, संथ प्रकारची असेल तर वर्षभरात फोन घोरायला लागतो, यूएफएस मागा. दुसरं सिम आणि मेमरी कार्ड यांना वेगळी जागा आहे का ते ट्रे ओढून बघा. हायब्रिड ट्रेमध्ये दोघांपैकी एकच बसतं.

दोन सिमवाल्यांसाठी: पहिल्यावर बोलत असताना दुसरा नंबर बहुतेक फोनांत 'संपर्क क्षेत्राबाहेर' सांगतो, कारण आत रेडिओ एकच असतो. यात कंपनीचा दोष नसतो. माळवदाच्या किंवा स्लॅबच्या घरात वायफाय असेल तर 'वायफाय कॉलिंग' चालू करा, जिओ आणि एअरटेल दोघेही देतात आणि वेगळे पैसे घेत नाहीत.

रिचार्जमध्ये फसगत २८ दिवसांत आहे. वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज होतात. अमर्याद ५जी साधारणपणे रोज २ जीबी किंवा जास्तीच्या पॅकवरच मिळतं. गावात ५जी नसेल तर तो पॅक घेणं म्हणजे नुसते पैसे घालणं, दीड जीबीचा पुरतो. ज्यांना नेट लागतच नाही त्यांच्यासाठी डिसेंबर २०२४ च्या ट्रायच्या नियमामुळे फक्त कॉल-मेसेजचे पॅक आले आहेत. दुकानदार ते स्वतःहून दाखवत नाहीत, मागून घ्या. सोयाबीनचे पैसे हातात आल्यावर ३६५ दिवसांचा एकच रिचार्ज मारून मोकळं व्हावं, हा कोरडवाहू गणिताला धरून असलेला उपाय. नुसता डेटाचा पॅक टाकू नका: यूपीआय सुरू करताना फोन स्वतः एक मेसेज पाठवतो, मेसेजची सोय नसेल तर नोंदणी तिथेच अडते.

कंपनी बदलायची तर नवा नंबर घेऊ नका, पोर्ट करा. आधार, बँक, शेतकरी ओळख क्रमांक सगळं जुन्या नंबरला बांधलेलं असतं. इंग्रजीत पोर्ट हा शब्द, जागा सोडून आपला नंबर, असा मेसेज १९०० ला पाठवा. आठ अक्षरांचा कोड येतो, तो चार दिवस चालतो. त्या कोडसह आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. महाराष्ट्र सर्कलच्या आत साधारण तीन कामकाजाच्या दिवसांत बदल होतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत, पोस्टपेडचं बिल थकलेलं नको, आणि जुलै २०२४ पासून सिम बदलून घेतल्यावर सात दिवस कोड मिळत नाही. पोर्ट झाल्यावर उरलेला रिचार्ज बुडतो, म्हणून वैधता संपत आली की करा. परीक्षेचा किंवा पीकविम्याचा फॉर्म भरायच्या आठवड्यात नको, बदलाच्या दिवशी काही तास नंबर बंद राहतो. सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते सिम दुसऱ्याच्या नावावर असल्याने, दाजीच्या, चुलत्याच्या, कधी चक्क दुकानदाराच्या. तुमच्या नावावर किती नंबर आहेत ते संचार साथी पोर्टलवर बघता येतं. सिम त्या माणसाने स्वतः येऊन आधी तुमच्या नावावर करून द्यावं लागतं.

खरेदी संभाजीनगरच्या पैठण गेटला करा की तालुक्याला, पण पक्कं बिल आणि त्यावर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, हवा. *#०६# दाबून आलेला क्रमांक खोक्याशी आणि बिलाशी जुळवा. जुना फोन घेत असाल तर इंग्रजी केवायएम, जागा, आयएमईआय असा मेसेज १४४२२ ला पाठवा, फोन चोरीचा म्हणून काळ्या यादीत असेल तर कळतं. हप्त्यावर घेताना 'शून्य टक्के' च्या खाली फाइल चार्ज किती ते विचारा. हप्ता चुकला की फोन कुलूपबंद करणारं अ‍ॅप त्यात आधीच टाकलेलं आहे का, हेही विचारून घ्या.

आणि घेण्याआधीच डिस्प्लेचा भाव विचारा. अधिकृत सर्व्हिस सेंटर बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी, तालुक्याला क्वचित. तालुक्यात अ‍ॅमोलेडच्या जागी स्वस्त एलसीडीची कॉपी बसवून देतात. ती उन्हात फिकी पडते, आणि पडद्याखालचं बोटाचं सेन्सर तिच्यासोबत चालत नाही. बोटाचं सेन्सर बाजूच्या बटणात असलेला फोन घेतला तर निदान ही एक अडचण येत नाही.